वाट बघण्याचा दर

मिरजेच्या विश्रामगृहात, पहिल्या मजल्यावर,
तिऱ्हाईत येऊन बसले. निवृत्त न्यायाधीश मगदूम साहेब,
डाव्या कानात यंत्र, समोर तीन रंगांच्या फायली.
एकीकडे महापालिकेचे वकील,
दुसरीकडे आम्ही अकरा जण, सांगली अग्निशमन केंद्र,
कडक इस्त्रीची खाकी
आणि इस्त्रीखालून येणारा धुराचा वास.

संप आम्हाला नाही.
दूधवाला रस्त्यावर ओततो,
कंडक्टर तिकिटांची पेटी ठेवून घरी जातो,
आम्ही पाईप खाली ठेवला तर
आग काय वाटाघाटीला थांबणार?
म्हणून हा माणूस.
तो म्हणेल ते दोघांनी ऐकायचं.
अपील नाही, पुन्हा घासाघीस नाही,
निवडणुकीआधीचं गाजरही नाही.

वकील म्हणाले, वर्षात दोनशे बारा वर्द्या.
बाकीचा वेळ ही मंडळी कॅरम खेळतात, साहेब.
फोटो पुढे केला. फोटोत मीच,
नुकतीच राणी घेतलेली, दात काढून हसतोय.
तारीख खरी होती.
तासाभरानं आम्ही मार्केट यार्डात होतो,
हळदीच्या गोदामात.
तिथं फोटो काढायला कुणी आलं नाही.

हळद जळताना ज्वाळा फारशी दिसत नाही.
पोतं आतल्या आत धुमसतं,
वरून हात ठेवावा इतकं शहाणं.
पाणी मारलं की पिवळे ओघळ गटारापर्यंत,
वाटावं, गल्लीत कुणाचं तरी लग्न आहे.
आठवडाभर आमची थुंकी पिवळी.
इसाक पखालीचा खोकला तेव्हापासूनचा.
त्याचा पणजा मशकीनं पाणी वाहायचा,
म्हणतो, खांदा तोच, फक्त हजेरीपट नवा.

साहेबांनी इसाकलाच विचारलं,
"डाव कोण जिंकलं?"
सगळे गप्प. हा काय प्रश्न झाला?
"मोडला साहेब. घंटा झाली.
सकाळी सोंगट्या गोळा केल्या, तर दोन कमी."
साहेबांनी काहीतरी लिहिलं.
मग वकिलांकडे वळून, कानातलं यंत्र दाबत,
"मोडलेला डाव कामात धरायचा की आरामात?"
वकील पानं उलटत राहिले, फार वेळ.

'बंधनकारक' हा शब्द मी त्या कागदावर वाचला
आणि मला विहीर आठवली, कवठेपिरानची.
पोरगं खाली, दोर माझ्या कमरेला,
वर आदगोंडा. गाठ अशी मारायची
की ताण आला तर घट्ट, पण फास बसू नये.
दोन महिने शिकवतात ती.
एका हातानं, डोळे मिटून.

निवाडा आला बेदाण्याच्या हंगामात. सव्वीस पानं.
धोका भत्ता, मागितला त्याच्या निम्मा.
श्वसनयंत्रं, 'सहा महिन्यांच्या आत'.
आणि कलम नऊ:
केंद्रावर वाट बघण्याचा एक तास
हा कामाचा पाव तास समजावा.

आदगोंडानं कागद भिरकावला,
मग उचलून, झटकून, घडी घातली.
तिकडे आयुक्तही चिडलेत म्हणे.
दोन्ही बाजू नाराज, म्हणजे तराजू बरोबर असावा,
किंवा दोन्ही पारड्यांना भोक.
काही असो, आता सही सगळ्यांची.

रात्रीचे अडीच. घंटा नाही.
आयर्विन पुलावरून एक ट्रक गेला, ऊस नसलेला, हलका.
भिंतीवर खडूच्या रेघा आहेत,
चार तासांची एक. आदगोंडा पावकी म्हणतो,
चौथीत गुरुजींनी घोकून घेतली तशी:
एक पाव पाव, दोन पाव अर्धा.
कॅरमबोर्ड भिंतीला उभा.
पायात बूट आहेत, नाडी सैल.

पलीकडच्या खाटेवर इसाक झोपेत खोकतो.
तो कुठल्या कलमात बसतो,
उद्या विचारायला हवं.